सर्जेराव बाहेर बसला तो हंगाम

दिवाळीचे आकाशकंदील उतरले, की आमच्या मंगळवार पेठेत त्याच दोऱ्यांवर तालमीच्या पताका चढतात. यंदाही चढल्या. काल सकाळी चौकात गेले, तर पोरं शिडी लावून ह्या घरापासून त्या घरापर्यंत दोरी ताणत होती. एकजण वरूनच ओरडला, "आज्जी, बाजूला व्हा की, शिडी सरकतीया!" मी बाजूला झाले. कोपऱ्यावरच्या भिंतीला नवा रंग लागला होता आणि त्यावर फुटबॉलपटूंची चित्रं निघायला लागली होती. म्हणजे फुटबॉलचा हंगाम सुरू झाला; आमच्याकडे फुटबॉलच्या टीमाही तालमींच्याच. आता उन्हाळा संपेपर्यंत आमच्या गल्लीत दुपारची झोप नाही.

स्टेडियम घरापासून इतकं जवळ आहे, की मॅच बघायला जावं लागत नाही. आवाजावरून कळतं. चेंडू बारवरून गेला, तर आवाज चढत चढत जातो आणि मध्येच खाली बसतो. गोल झाला, तर तो खाली बसतच नाही, भिंतीवरून, पत्र्यांवरून आमच्या स्वयंपाकघरात येतो. आणि पलीकडच्या पेठेनं गोल मारला, तर लांबचा आवाज येतो, जवळचा येत नाही. हे सगळं ओळखायला मी कधी बसले नव्हते. पोळ्या लाटताना, वह्या तपासताना, आजाऱ्याच्या उशाशी बसल्या बसल्या ते आपोआप अंगात मुरलं. आता नको वाटतं. खिडकी लावून घेते. तरी कान त्या बाजूलाच असतो.

सगळे हंगाम एकमेकांत मिसळून गेलेत. कुठल्या वर्षी कोण जिंकलं, ते विचारलं तर मला सांगता यायचं नाही. एकच हंगाम वेगळा राहिलाय. आनंदराव मॅनेजर होते तो.

लग्नानंतर मी माझ्या नवऱ्याला नावानं कधी हाक मारली नाही. 'अहो' पुरायचं. पण लिहिताना 'हे' आणि 'ते' करत बसले, तर कुणाला काही उमगायचं नाही, म्हणून आनंदराव असं लिहिते. त्यांना चाललं असतं. त्यांना बरंच काही चालायचं.

माझं माहेर कागलकडचं. आमच्याकडे कुस्ती. चेंडूमागं मोठी माणसं धावतात, हे मला सासरी आल्यावर कळलं. आनंदराव तेव्हा पेठेचे सेंटर फॉरवर्ड होते. रस्त्यानं जाताना पानाच्या दुकानातली माणसं उठून उभी राहायची. बायका मैदानात जायच्या नाहीत. पण स्टेडियमच्या कडेला सासूबाईंच्या बहिणीचं घर होतं. तिच्या गच्चीवरून अर्धं मैदान दिसायचं, उरलेलं अर्धं मधल्या इमारतीमागं जायचं. आनंदराव चेंडू घेऊन धावत सुटायचे, आणि ऐन रंगात इमारतीच्या कडेला दिसेनासे व्हायचे. मग फक्त आवाज. म्हणून नवऱ्याचा खेळ मी अर्धाच पाहिला, असं म्हणायला हरकत नाही.

पुढं बाहेरगावच्या एका स्पर्धेत फौजेतल्या साहेबांनी त्यांना खेळताना पाहिलं आणि पलटणीच्या टीमसाठी भरती करून घेतलं. पेठ तेव्हाही रागावली होती. तालमीचे दाजी वस्ताद घरी येऊन म्हणाले होते, "आमी घडवला, आन् हिंदुस्थान घेऊन निघाला की रं!" सगळे हसले. वस्तादांना मात्र हसू आलं नव्हतं.

आनंदराव फौजेत हवालदार झाले. खेळायचं वय सरत आलं, तशी पलटणीची टीम त्यांच्याकडं आली. सुट्टीवर आले, की त्यांच्या तोंडी त्या पोरांचीच नावं. त्यातली दोन मला पाठ झाली होती. उजव्या बाजूला खेळणारा देवाप्पा, निपाणीपलीकडचा, मराठी बोलताना मध्येच कानडीत घुसणारा. आणि डावीकडचा महादू, मलकापूरजवळच्या एका वाडीतला. "ही दोन पोरं पळायला लागली ना," आनंदराव सांगायचे, "की आपण नुस्तं बघत ऱ्हायचं." मी तेव्हा नगरपालिकेच्या शाळेत शिकवत होते. मला मूल नव्हतं. त्या न पाहिलेल्या पोरांचं कौतुक ऐकताना बरं वाटायचं.

मग एकाहत्तरची लढाई झाली.

आनंदराव परत आले ते पुढच्या वर्षी दिवाळीच्या सुमारास, फौजेच्या दवाखान्यातून, आणि कायमचेच. डाव्या मांडीत गोळ्याचा तुकडा शिरला होता. तो काढला, पण पाय आखडला. रिक्षातून उतरताना त्यांनी आधी काठी खाली टेकली, मग पाय, आणि वर बघून आईला म्हणाले, "आलो गं." एवढंच. सासूबाईंना आम्ही आत्ती म्हणायचो. त्यांनी भाकरतुकडा ओवाळून टाकला आणि पदर तोंडाला लावून आत गेल्या.

त्या वर्षी थंडी लवकर पडली. गावाबाहेर गुऱ्हाळं पेटली होती. संध्याकाळी वारा फिरला, की पेठेतही उकळत्या रसाचा वास यायचा. आनंदराव दारात खुर्ची टाकून बसायचे. लढाईचं कुणी विचारलं, तर म्हणायचे, "झाली ती." समोरून पोरं बूट हातात घेऊन सरावाला जायची, त्यांच्याकडं बघायचे नाहीत.

एक दिवस दाजी वस्ताद चार माणसं घेऊन आले. टीमला मॅनेजर नव्हता. पोरं चांगली होती, पण कुणी कुणाचं ऐकत नव्हतं. आनंदराव नाही म्हणाले. वस्ताद बसून राहिले. आनंदराव परत नाही म्हणाले. तेव्हा माझा धाकटा दीर सर्जेराव आतून आला आणि भावाच्या पायाशी खाली बसला.

सर्जेराव बावीस-तेविशीचा. पेठेत आता सेंटर फॉरवर्ड तोच होता. दादा फौजेत गेला तेव्हा तो शाळेत होता. दादाचे जुने बूट तेल लावून लावून त्यानं ठेवले होते. "दादा," तो म्हणाला, "कप येऊन किती वर्सं झाली बग. तू फकस्त हुबा ऱ्हा. पळायचं आमी बघतो."

आनंदरावांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला. मग म्हणाले, "बरं."

पण सरावाला जाण्याआधी ते मला घेऊन मलकापूरला गेले. महादू लढाईतून परत आला नव्हता, देवाप्पाही नाही, हे मला त्या प्रवासात एस.टी.त कळलं. आंबेवाडी सोडल्यावर ते खिडकीबाहेर बघत म्हणाले, "महादूच्या आईला भेटायचं हाय. दोघंबी परत आली न्हाईत." 

मलकापूरहून वाडीपर्यंत चालत गेलो. त्यांच्या काठीमुळं सावकाश. भाताची कापणी होऊन गेली होती, खाचरं मोकळी पडली होती आणि कडेच्या पायवाटेला अजून दव होतं. महादूची आई अंगणात भात वाळवत होती. बारीक चणीची बाई. तिनं आम्हाला घोंगडं टाकून दिलं, गूळ-पाणी दिलं आणि आनंदरावांच्या समोर उकिडवी बसली.

"कसा खेळायचा ओ आमचा?" तिनं विचारलं. "मी कवा बगितलाच न्हाय."

आनंदराव सांगायला लागले. मी त्यांना इतकं बोलताना कधी ऐकलं नव्हतं. महादू चेंडू कसा पायाला चिकटवून न्यायचा, समोरच्याला चकवताना खांदा कसा पाडायचा, गोल झाला की लाजून कसा मागं पळत यायचा. बाई हसत होती. मध्येच डोळे पुसत होती, परत हसत होती.

"ल्हानपणापासनं पाय लई चपळ," ती म्हणाली. "म्हशीमागं पळायचा तर म्हस दमायची. म्हणून तर तुमी त्याला घेतला आसंल."

फुलपात्रात पाणी होतं, ते आनंदरावांनी सगळं पिऊन टाकलं. मग म्हणाले, "व्हय. म्हणूनच घेतला."

परतताना एस.टी.त त्यांनी डोळे मिटून घेतले होते, पण झोप नव्हती. मला वाटलं, पाय दुखत असेल.

त्यानंतरचे महिने आठवले, की आधी वास आठवतात. सर्जेरावच्या गुडघ्यांना लावायच्या आंबेहळदीचा, कढवलेल्या तेलाचा, ओल्या चामड्याच्या बुटांचा. अंगणात दोरीवर जर्सी वाळत घातलेल्या असायच्या. तांबडी माती दोन पाण्यांत निघायची नाही. पहाटे अंधारातच दोघे भाऊ बाहेर पडायचे, एक पळत, एक काठी टेकत. मी चुलीपाशी बसून त्या दोन चालींचा आवाज गल्लीच्या टोकापर्यंत ऐकायची. उजाडल्यावर यायचे, तेव्हा सर्जेरावच्या अंगातून वाफा निघत असायच्या आणि तो भाकरीवर तुटून पडायचा. "वैनी, आज दादानं मला उलट्या पायानं इतकं मारायला लावलं, की जेवताना बी डावा हात पुढं येतोय!"

आनंदराव मैदानावर ओरडायचे नाहीत, असं लोक सांगायचे. ते मोजकं बोलायचे आणि पोरं ऐकायची. आमचा गोलकीपर बाबू बागवान, मंडईत फळांचा गाळा असलेल्या घरातला, मला एकदा म्हणाला, "भाभी, साहेब नुस्तं माझ्याकडं बघत्यात आन् मी जागा बदलतो. काय जादू हाय कुणास ठावं." टीम जिंकत गेली. पेठेत हलगी वाजायला लागली. दूधवाला माप घालताना हात सैल सोडायचा. शाळेत हेडमास्तर मला विचारायचे, "बाई, रविवारी कोण खेळणार?" मला माहीत नसायचं. आनंदराव अकरा नावं शेवटच्या घटकेपर्यंत कुणाला सांगायचे नाहीत. आधी मला वाटायचं, ही फौजी शिस्त. नंतर लक्षात आलं, की नावं काढायच्या दिवशी ते जेवत नाहीत. ताट पुढं ओढायचे, भाकरी मोडायचे, आणि तुकडे तसेच ठेवून उठायचे. आत्ती चिडायच्या. "चेंडूचा ख्योळ त्यो! आन् तोंड बग ह्याचं, जनू मयताला निघालाय."

सेमीफायनलला आम्ही जिंकलो. सर्जेरावनं दोन्ही गोल मारले. पण संपता संपता कुणाचा तरी पाय त्याच्या उजव्या गुडघ्यावर आला. पोरांनी त्याला खांद्यावर घेऊन घरी आणलं. तो हसत होता, गळ्यात हार होते, आणि गुडघा नारळाएवढा झाला होता.

डॉक्टरांनी दाबून बघितलं, वाकवून बघितलं. म्हणाले, आतला बंध ताणलाय, तुटला नाही. पाय जमिनीला न टेकता पडून राहिला तर जुळेल. आत्ता पळाला आणि तुटला, तर हा पाय पुन्हा सरळ व्हायचा नाही.

फायनल तोंडावर आली होती. आणि समोर पलीकडच्या पेठेची तालीम, जिच्याशी आमच्या पेठेचं पिढ्यान् पिढ्या वैर. त्या हप्त्यात आमच्या दारातली चपलांची रांग मोडली नाही. जो तो गुडघा बघायचा. कुणी लेप आणला, कुणी अंगारा आणला. मग कुणीतरी सांगितलं, की एक कंपाउंडर आहे, तो सुई टोचतो, टोचली की पाय कापला तरी कळत नाही. पोरगं नव्वद मिनिटं घोड्यासारखं पळतं. पुढचं पुढं.

सर्जेरावचे डोळे चमकले. दाजी वस्तादांनी मांडीवर थाप मारली. "मग ठरलं!"

"न्हाय ठरलं," आनंदराव म्हणाले.

वस्ताद सावकाश म्हणाले, "आनंदा, ह्यो पेठंचा प्रश्न हाय."

"गुडघा पेठंचा न्हाय, वस्ताद."

माणसं निघून गेली. मग दोघे भाऊच राहिले, आणि मी दाराआड. सर्जेराव कॉटवर उठून बसला. "दादा, पाय माझा हाय. तू कोण ठरवणार?"

"मॅनेजर."

"मग मॅनेजर म्हणून सांग. माझ्या जागी घालायला कोण हाय?"

"कोण न्हाय."

"मग?"

"मग हरू."

सर्जेरावनं उशी उचलून भिंतीवर फेकली. तो रडत होता. "सारी उमर ह्या मॅचची वाट बगितली मी. तुला मिळालं सगळं. तू खेळलास, तुझं नाव झालं, फौजेत गेलास. आता माझी पाळी आली, तर तुझा पाय मोडला म्हणून माझा बी बांधून ठेवतोस व्हय?"

आनंदरावांनी उशी उचलली, झटकली आणि त्याच्या पाठीमागं ठेवली.

आत्ती सर्जेरावच्या बाजूच्या होत्या. चुलीपुढं बसून त्या मला म्हणाल्या, "पाय मोडला तर मी शेकीन. मन मोडलं तर काय शेकू, सांग की." खरं सांगायचं तर मलाही वाटत होतं, की खेळू द्यावं. एवढं जिवावर उदार होऊन मागतंय पोरगं. अशी एखादी दुपार सगळ्यांच्या नशिबी कुठं येते?

फायनलसाठी नव्या जर्सी आल्या होत्या. पाठीवरचे आकडे शिवायचं काम माझ्याकडं होतं. दुपारचं ऊन खिडकीतून शिवणयंत्रावर आलं होतं. आनंदराव शेजारी बसून पांढऱ्या कापडातून आकडे कापून देत होते. सगळे झाले. नऊ राहिला, सर्जेरावचा.

"हा कुणाच्या मापाच्या जर्सीवर शिवू?" मी विचारलं.

त्यांनी कात्री खाली ठेवली.

"साहेबानं सांगितलं," ते म्हणाले, "चार माणसं म्होरं धाड. नाल्याच्या पलीकडं काय हाय, बगून येऊ देत. कुणाला धाडायचं, ते माझ्यावर."

कशाबद्दल बोलतायत, हे कळायला मला क्षणभर वेळ लागला.

"मला विचार बी करायला लागला न्हाय, सुशीला. टीम काढायची सवय. पायानं चपळ कोण? देवाप्पा. महादू. उजवीकडनं देवाप्पा, डावीकडनं महादू. मैदानावर लावायचो, तसंच लावलं. मधी दोघं. देवाप्पा जाताना हसला. म्हणाला, हवालदार साब, पास कोण देणार? मी म्हणलं, जा, मी हाय मागं."

यंत्राचं चाक मी हातानं धरून ठेवलं होतं. गल्लीत कुणीतरी भडंगवाल्याशी हुज्जत घालत होतं.

"मग मीच जाऊन आणली त्यांना. तवा हा पाय गेला. आणली, पण..." त्यांनी हात हलवला. "मंद असती, तर आज घरात असती. चपळ होती म्हणून गेली."

मला महादूची आई आठवली, अंगणात उकिडवी बसलेली. म्हणून तर तुमी त्याला घेतला आसंल.

"मी विचारलं होतं त्यास्नी," आनंदराव म्हणाले. "जाता का रं? दोघंबी म्हणाली, जातो की. सर्जा बी म्हणतोय, खेळतो की. पोरं न्हाय म्हणतच न्हाईत, सुशीला. कुणीच न्हाय म्हणत न्हाय. मग न्हाय म्हणायचं कुणी?"

मी त्यांच्या हातावर हात ठेवला. तो थंड होता. थोड्या वेळानं त्यांनी राखीव पोरांतल्या एकाचं नाव सांगितलं आणि मी नऊ नंबर त्याच्या मापाच्या जर्सीवर शिवला. टाके वाकडे गेले. उसवून परत घातले नाहीत.

फायनलच्या दिवशी मी आणि आत्ती मावशींच्या त्याच गच्चीवर गेलो. ऊन असं होतं, की पत्र्याला हात लागत नव्हता. खाली माणसांचं नुसतं रान माजलं होतं. भिंतींवर माणसं, झाडांवर माणसं. आमच्या बाजूच्या रेषेलगत बाक होता. त्यावर सर्जेराव साध्या कपड्यांत बसला होता, पाय लांब करून. आनंदरावांनी त्याला तिथं बसायला लावलं होतं. तो त्यांच्याकडं पाठ करून बसला होता.

आमची पोरं जीव तोडून खेळली. चेंडू कितीदा पलीकडच्या अर्ध्यात गेला, इमारतीमागं, आणि कितीदा आवाज चढून खाली बसला. नऊ नंबरचं पोरगं घाबरलं होतं. त्याच्या पायात चेंडू आला, की तो लगेच दुसऱ्याला द्यायचा, निखारा असल्यासारखा. आमच्यावरचा गोल मात्र मला दिसणाऱ्या अर्ध्यात झाला. बाबू बागवान उजवीकडं झेपावला आणि चेंडू डावीकडून आत गेला. बाबू मातीत पालथा पडून राहिला. तेवढा एकच गोल झाला. आत्तींनी पदर डोक्यावर ओढला आणि म्हणाल्या, "चल. संपलं."

चौकात त्या संध्याकाळी दाजी वस्ताद सगळ्यांदेखत म्हणाले, "लढाईला भ्यालेला माणूस. मैदानात काय लावणार दिवे?" आनंदराव तेव्हा तिथूनच काठी टेकत येत होते. त्यांनी ऐकलं. गर्दीनं वाट दिली, पण कुणी वर बघितलं नाही. घरी येऊन त्यांनी हातपाय धुतले आणि खुर्ची दारातून उचलून आत घेतली.

त्यानंतर दारात कुणी उभं राहिलं नाही. पेठ रागावली, म्हणजे शिव्या देत नाही, बोलायची थांबते. दूधवाला माप काठोकाठ आणि तेवढंच घालायचा. सर्जेराव गुडघा बरा होईपर्यंत घरात होता, पण भावाशी एक शब्द बोलला नाही. चालायला लागल्यावर इचलकरंजीला मामांकडं गेला, यंत्रमागाच्या शेडमध्ये पाळीवर लागला. निघताना आत्तींच्या पाया पडला, माझ्या पडला. आनंदराव उंबऱ्यापाशी उभे होते. त्यांना वळसा घालून गेला.

चुकलं का त्यांचं? मी पुष्कळदा मनाशी घोळवलंय. सर्जेराव खेळला असता तर कदाचित गुडघ्याला काहीही झालं नसतं. कदाचित कप आला असता, आणि आजही भिंतीवर त्याचं चित्र काढलं गेलं असतं. वाचलेला पाय कुणाला दिसत नाही. हरलेली मॅच मात्र सगळ्या गावाला दिसते.

पुढचा हंगाम आला तेव्हा एक बातमी पेठेत आगीसारखी पसरली. सर्जेराव खेळणार होता. पलीकडच्या पेठेकडून. असं आमच्याकडं कुणी करत नसे. माणसं गाव सोडतील, तालीम सोडायची नाहीत. आत्तींनी ते ऐकलं आणि त्या दिवशी चूल पेटवली नाही.

आमच्या आणि त्यांच्या मॅचच्या दिवशी आनंदरावांनी टोपी घातली आणि मला म्हणाले, "चल."

"कुठं?"

"मैदानावर. गच्चीवर नगं. पुरं बगू."

मी पहिल्यांदा स्टेडियमच्या पायऱ्यांवर बसले, आमच्याच पेठेच्या लोकांत. ते सरकून बसले, आमच्याभोवती मोकळी जागा राहिली. सर्जेराव परक्या रंगाच्या जर्सीत मैदानात उतरला, तशा आमच्या बाजूनं शिव्या उठल्या. मी मान खाली घातली. आनंदराव काठीवर दोन्ही हात ठेवून बघत होते. चेंडू कुठंही असो, त्यांची नजर सर्जेरावच्या उजव्या पायावर. तो थांबला की थांबायची, वळला की वळायची.

उत्तरार्धात त्याला मैदानाच्या मध्यावर चेंडू मिळाला. एकाला त्यानं डावीकडून टाळलं. दुसरा अंगावर आला, तेव्हा तो हवेत उडाला आणि खाली आला तो त्याच पायावर, सगळा भार घेऊन, आणि तिथल्या तिथं गर्रकन फिरला. आनंदराव काठीवरून पुढं झुकले. गुडघा हलला नाही. बाबू पुढं धावत आला होता. सर्जेरावनं चेंडू त्याच्या बाजूनं अलगद आत ढकलला.

आमची बाजू एकदम गप्प झाली. त्या शांततेत आनंदराव काठीवर जोर देऊन उठले. काठी त्यांनी माझ्या मांडीवर ठेवली आणि टाळ्या वाजवायला लागले. मोठ्यानं, हात पूर्ण उघडून. "बस की खाली, म्हाताऱ्या!" मागून कुणीतरी ओरडलं. ते तेव्हा म्हातारेही नव्हते. शेंगांची टरफलं येऊन आमच्या अंगावर पडली. ते वाजवत राहिले. माझ्याकडं न बघता म्हणाले, "पळतोय. बगितलंस? पळतोय."

सर्जेरावनं ते पाहिलं का, मला माहीत नाही. आत्ती गेल्या तेव्हा तो घरी आला आणि भावाशेजारी उभा राहून त्यानं खांदा दिला. पुढं दोघे बोलायला लागले, पण कामापुरतं. छप्पर, आजारपण, लग्नकार्य. तेही बरंच म्हणायचं. आनंदराव गेले तेव्हा ऐंशीचं दशक सरत आलं होतं. शेवटी शेवटी त्यांना झोपेत नावं घ्यायची सवय लागली होती. मी जागी असले, तर अंगावर हात टाकायची. मग थांबायचे.

सर्जेराव आता म्हातारा झालाय. इचलकरंजी सोडून कधीचा परत आलाय, पलीकडच्या पेठेतच राहतो. हंगाम सुरू झाला, की एकदा तरी माझ्याकडं येतो. काल आला होता. चहा झाला, त्याच्या सुनांच्या तक्रारी झाल्या, माझ्या डोळ्याच्या ऑपरेशनची चौकशी झाली. मग दरवर्षीसारखा कप खाली ठेवून म्हणाला, "वैनी, त्या दिवशी मी आसतो, तर आपुन जिंकलो आसतो."

मी पूर्वी वाद घालायची. एकदा तर महादूचं, देवाप्पाचं सगळं सांगितलं. त्यानं ऐकून घेतलं. दुसऱ्या वर्षी येऊन तेच वाक्य बोलला. आता मी वाद घालत नाही. दमले. शिवाय ते खरंही आहे.

"व्हय," मी म्हणाले. "जिंकलो असतो."

तो समाधानानं मान हलवून उठला. मी आता माडीवर राहते. आमचा जिना जुना, उभा, अंधारा. माझ्यानं तो आता एका दमात होत नाही. कठडा धरून आडवं आडवं उतरावं लागतं. मी वर दारात उभी राहून त्याला बघत होते. दोन्ही हात मागं बांधून, खाली न बघता, सर्जेराव सरळ उतरून गेला.